रंभाबाईचा डावा पाय

काल मंगळवारी रंभाबाईने एका माणसाच्या पाठीला डावा पाय लावला. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

यात काळजी करण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. माझ्या नवऱ्याला, विनोदला, तसंच वाटलं. तो तारापूरच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये आहे. मी सांगत होते तेव्हा तो डबा पिशवीत घालत होता. "उजवा दमला असेल," म्हणाला आणि कामावर गेला. पण मी रंभाबाईला अकरा वर्षं बघते आहे. आमच्या कुंभवलीत तिचा पाय ज्या पाठीला लागला नाही अशी पाठ शोधावी लागेल, आणि तो पाय दर वेळी उजवाच होता.

रंभाबाई पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली लचक उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी पालघरच्या कॉलेजात बी.ए. केलं, आता एका बालवाडीत शिकवते. मी हे मानत नव्हते, आजही पुरतं मानत नाही. रंभाबाईला मात्र मानते, आणि ते का, हेच आज लिहायचं आहे.

ती आलेवाडीची. मंगळवारी आणि शुक्रवारी रिक्षाने कुंभवली नाक्यावर उतरते आणि डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन गल्लीगल्लीतून फिरते. बोंबील, जवळा, वाकट्या. वय विचारलं तर सांगते, "एमआयडीसीत पैली चिमणी उभी रायली तवा मी टोपली उचलली. कर हिशोब." आमच्या समोरच्या इमारतीत नवीन आलेल्या एका बाईंनी एकदा नाक धरून म्हटलं होतं, "मावशी, टोपलीचा वास येतो हो फार." रंभाबाईने टोपली खाली ठेवली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "बाय, तुमच्या कंपन्यांचा वास आमी इतकी वर्सं फुकट घेतो. माझा तर विकत हाय, नको तर घेऊ नको." त्या बाई आता दर शुक्रवारी तिच्याकडून जवळा घेतात.

पायाळू माणसावर वीज पडते असं म्हणतात. म्हणून लहानपणी ढग गडगडायला लागले की तिची आई तिच्या डोक्यावर तांब्याचा हंडा पालथा घालून तिला कोपऱ्यात बसवायची. "वीज काय पडली नाय," रंभाबाई सांगते, "पण हंड्याने केस गेले." पाच वर्षांची असल्यापासून तिला किनाऱ्यावर नेत. होडीवरचा खलाशी वाळूत पालथा पडलेला असे, ही त्याच्या पाठीला पाय लावी आणि मग तिला लाडू मिळे. सगळ्याच मुलींना हे करावं लागतं, अशी तिची समजूत होती. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्याने दागिन्यांचं काही विचारलं नाही. हिचे पाय तेवढे बघितले.

तिच्या कामाला नियम आहेत. पैसे घ्यायचे नाहीत. लाथ मारायची नाही. "लाथ गाढव मारते. मी पाय लावते." माणसाला चटईवर पालथं झोपवायचं, अंगठ्याने मणक्यावरून खाली यायचं आणि पाय लावायच्या आधी विचारायचं, "कवा भरली?" लचकेला दिवस असतो आणि वेळ असते, असं तिचं म्हणणं. पाण्याचा ड्रम उचलला आणि कळ आली. होडीतून चिखलात उडी मारली आणि कमर धरली. माणूस ती घडी विसरत नाही. ज्याला ती घडी सांगता येत नाही त्याच्या पाठीला ती पाय लावत नाही. आम्हाला हा नियम म्हणजे तिचा नखरा वाटायचा.

मागच्या वर्षी, फेब्रुवारीत, माझ्या सुजीतची पाठ दुखायला लागली. तो तेव्हा अकरावीत होता. कंबरेच्या वर, उजव्या बाजूला आत कुठेतरी दुखतं म्हणायचा. तो कबड्डी खेळतो, म्हणून आम्ही दुखण्याचं खापर कबड्डीवर फोडलं. बाम चोळला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा दुखू लागलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ते मी उन्हावर ढकललं. वजन उतरलं, तर मला वाटलं उंची वाढते आहे. तो कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन झोपू लागला. चालताना पुढे वाकू लागला, हात मांडीवर ठेवून. मी त्याची आई आहे. हे सगळं मी पाहिलं होतं, पण सुटं सुटं पाहिलं. एकाला एक जोडून पाहिलं नाही.

तीन आठवडे असे गेले. मग एका मंगळवारी मीच रंभाबाईला घरात बोलावलं. बोलावताना लाज वाटत होती, कारण पायाळूच्या गोष्टीवर हसणाऱ्यांत मी पुढे होते.

"आज बरी आठवण झाली मास्तरणीला," ती म्हणाली. "कवा भरली?"

"कबड्डी खेळताना," मी म्हटलं.

"तुला नाय विचारला. पाठ पोराची हाय. कवा रे?"

सुजीत विचार करत राहिला. "असा दिवस नाही आठवत, आजी. हळूहळूच दुखायला लागलं."

"पकडीत पडलास?"

"नाही."

"काय जड उचललास?"

"नाही."

"म्हणजे आईने काम सांगितला तवापासून दुखते," ती म्हणाली. सुजीत हसला. मग तिने चटईवर बोट दाखवलं. "पालथा पड."

तो पडला, पण त्याची उजवी मांडी जमिनीला टेकेना. डावा पाय सरळ चटईवर, आणि उजवा असा की मांडी आणि जमीन यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता. रंभाबाईने खाली बसून त्या फटीत आपली मूठ घातली. मूठ आरपार गेली.

"इथून मांजर जाईल," ती म्हणाली.

तिने मांडीवर हलकेच दाब दिला. सुजीत ओरडला. असं ओरडताना मी त्याला लहानपणीसुद्धा ऐकलं नव्हतं. तिने हात काढला, उलट्या हाताने त्याचं कपाळ पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"मी पाय लावणार नाय."

"का?"

"ही लचक नाय. इतकी मानसं माझ्यासमोर पालथी पडली, कोनाची मांडी अशी वर रायली नाय. आतून कोनीतरी पोराचा पाय ओढून धरलाय."

"म्हणजे काय झालंय?"

"मला काय ठावं? मी काय डॉक्टर हाय? मोठ्या दवाखान्यात ने. आतला फोटो काढ."

मला राग आला. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी तिला जवळ्यात रेती आहे असं चारचौघींत म्हटलं होतं. मला वाटलं, ती त्याचा राग काढते आहे. म्हणून मी जे करायला नको होतं ते केलं. विनोदच्या शिफ्टमधल्या एकाने सफाळ्याचा एक पायाळू सांगितला होता, गुरुवारी आम्ही सुजीतला तिथे नेलं. तो माणूस धिप्पाड होता. त्याने काही विचारलं नाही, पालथं नीट झोपता येत नाही तेही पाहिलं नाही. सुजीत कुशीवर असतानाच त्याने तीनदा टाच मारली. परत येताना सुजीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गप्प बसला होता आणि त्याचे दात वाजत होते. घरी येऊन पाहिलं तर ताप एकशे तीन.

शुक्रवारी सकाळी रंभाबाई आली. टोपली डोक्यावर होती, पण विकायला आली नव्हती. ओट्यावरूनच तिने विचारलं, "नेला काय पोराला?"

मी सफाळ्याचं सांगितलं. तिने टोपली डोक्यावरून उतरवली. मग म्हणाली, "माझ्यावर राग होता तर मला चार शिव्या द्यायच्या होत्या. पोराची पाठ दुसऱ्याला कशाला दिलीस?" आणि टोपली माझ्या स्वयंपाकघरात ठेवून रिक्षा आणायला गेली. ती टोपली आठवडाभर तिथेच राहिली. पाचव्या दिवशी विनोदने तिच्यावर चादर टाकली, त्याने काही फरक पडला नाही.

पालघरच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी तोंड उघडायच्या आत रंभाबाई बोलू लागली. "ताप संध्याकाळचा येते. दुखायला लागला तो दिवस पोराला ठावं नाय. पालथा झोपवा आन उजवी मांडी बघा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग सुजीतला डाव्या कुशीवर वळवलं आणि त्याचा उजवा पाय धरून हळूच मागे ओढला. तो कळवळला. त्यांनी लगेच सोडला.

"आजी, तुम्ही काय करता?"

"सुकी मासळी विकते."

"आणखी काय करता?"

"ते तुमाला पटणार नाय," रंभाबाई म्हणाली.

सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी केस पेपरच्या मागच्या बाजूला पेनाने चित्र काढलं. मधोमध पाठीचा कणा. त्याच्या दोन्ही बाजूंनी, पोटाच्या पाठीमागून, खाली मांडीच्या हाडापर्यंत गेलेले दोन जाड स्नायू. उजव्यात त्यांनी एक लांबट गोळा काढला, भरताच्या वांग्यासारखा. "इथे पू साठलाय. आतलं गळू आहे. हा स्नायू पाय वर उचलतो. पाय सरळ केला की तो ताणला जातो आणि दुखतं, म्हणून मुलगा गुडघा जवळ घेऊन झोपतो. बाहेरून काहीच दिसत नाही, ना सूज, ना लाली. त्यामुळे कंबरदुखी, कंबरदुखी म्हणत दिवस जातात."

"लाथ मारल्याने झालं का हे?" मी विचारलं. सफाळ्याचं मी त्यांना सांगून टाकलं होतं.

"झालं नाही, आधीचंच आहे. पण त्याने चांगलंही काही झालं नाही," त्या म्हणाल्या आणि पुढे बोलल्या नाहीत. तेवढी दया त्यांनी दाखवली.

मोठं ऑपरेशन लागलं नाही. सोनोग्राफीत बघत बघत त्यांनी कंबरेच्या बाजूने सुई घातली, आणि सुईच्या वाटेने एक बारीक नळी. नळीचं टोक आत गुंडाळून बसतं, बाहेरच्या टोकाला पिशवी. पहिल्याच दिवशी साडेचारशे मिली पू आला. मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. रंभाबाईने माझा खांदा धरून मला वळवलं. "बघ. बाहेर येते ना? आत रायला असता तर रडायचा होता."

दोन दिवसांनी तपासणीचा निकाल आला. क्षय होता. कण्याच्या दोन मणक्यांत सुरू होऊन तो स्नायूत उतरला होता.

"पण त्याला खोकला नाही," मी म्हटलं.

"क्षयाला फुप्फुसच लागतं असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उशीर झालाय, फार झालेला नाही. पायातली ताकद शाबूत आहे, मणके कोसळलेले नाहीत. औषध दीड वर्ष. एकही गोळी चुकवायची नाही. मुलगा कबड्डी खेळेल की नाही ते नंतर बघू, चालेल नक्की."

नळी अकरा दिवस होती. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर सुजीत उताणा झोपला होता आणि त्याचे दोन्ही पाय सरळ होते. मी त्याला उठवलं नाही. चहा गार होईपर्यंत नुसती बघत बसले.

गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळायच्या. पहिले तीन महिने पट्टा लावून अंथरुणावर. लघवी नारिंगी व्हायची, तोंडाची चव गेली होती, चिडचिड करायचा. दर मंगळवारी रंभाबाई यायची आणि दारातूनच विचारायची, "गिळली?" त्याने मान हलवली की म्हणायची, "मान नको हलवू, तोंड उघडून दाखव." एकदा त्याने गालात लपवलेली गोळी तिने बोटाने बाहेर काढली. पुढचे आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि त्याला ते माझ्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

गेल्या ऑगस्टमध्ये गोळ्या थांबल्या. शेवटच्या एमआरआयवर डॉक्टरीणबाईंनी "उत्तम" असं लिहिलं. सुजीत आता पालघरला आयटीआयला जातो. कबड्डी खेळत नाही, पण पंच म्हणून उभा राहतो आणि सगळ्यांशी भांडतो.

सुजीतच्या आजारानंतर रंभाबाईच्या कामाची रीत बदलली. रुग्णालयातून निघायच्या आधी तिने डॉक्टरीणबाईंना गाठून अर्धा तास प्रश्न विचारले होते. मग तिने मेडिकलमधून थर्मामीटर आणलं. तिला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून ती काखेत लावते आणि ज्याची पाठ धरली आहे त्यालाच सांगते, "आकडा वाच." ताप असला, घडी सांगता आली नाही किंवा मांडी टेकली नाही, तर पाय नाही. थेट दवाखाना. दोन वर्षांत तिने पाच जण पाठवले. एकाच्या मूत्रपिंडात खडा निघाला. एक भागी म्हणून डोंगराकडची बाई होती, कामाला इकडे आलेली. तिला सुजीतसारखंच निघालं, फार लवकर सापडलं आणि नुसत्या गोळ्यांवर भागलं. बाकी तिघांना काही नव्हतं. आलेवाडीत लोक म्हणू लागले, रंभाबाई डॉक्टरीण झाली, आता हिच्याकडे जायचं तर आधार कार्ड घेऊन जा. ती म्हणते, "तिघं फुकट गेले, चहा पिऊन परत आले. त्यांचा काय वाईट झाला?"

आता कालचा मंगळवार.

ती उशिरा आली. टोपली उतरवायला तिने मला हाक मारली. याआधी कधी मारली नव्हती. समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर उत्तरेकडचे चार कामगार भाड्याने राहतात, त्यातला एक कंबर धरून दारात उभाच होता. "मौसी, लात मारो ना, कल ड्यूटी है."

"लात नाय रे, पाय. पैले बुखार बताव."

ताप नव्हता. ड्रम सरकवताना कळ आली, सोमवारी सकाळी. मांडी टेकत होती. सगळं रीतसर होतं. रंभाबाईने दाराची चौकट धरली आणि नेहमीसारखी डाव्या पायावर उभी राहायला गेली. राहता आलं नाही. ती पुढे वाकली, क्षणभर थांबली, मग वजन उजव्यावर घेतलं आणि डावा पाय उचलून त्याच्या पाठीला लावला. तीनदा. तिसऱ्या वेळी पाय थरथरत होता. तो कामगार उठला, कंबर हलवून पाहिली, "एकदम बढिया" म्हणून गेला. त्याला कोणता पाय लागला हे कळलंसुद्धा नाही.

मी तिला घरात आणून चहा दिला. खाली बसताना तिने डावा गुडघा छातीशी घेतला.

"मावशी, पाय का बदललास?"

"दोन्ही माझेच हायेत."

"डाव्यावर उभी का राहत नाहीस?"

"टाचेत शिंगाळा माशाचा काटा घुसला होता, दिवाळीच्या पुढे."

मी टाच पाहिली. चिंधी बांधलेली, पण जखम सुकत आली होती. सुकत आलेल्या टाचेने माणूस कंबरेत वाकत नाही. तिला साखर आहे, गोळ्या मनाला येईल तेव्हा घेते. तिचा हात माझ्या हातात होता तो गरम लागला.

"थंडी वाजते का?"

"डिसेंबर हाय, बाय."

तिच्याच पिशवीतून मी थर्मामीटर काढलं आणि तिच्या काखेत लावलं. तिने लावू दिलं, पण आकडा वाच म्हणाली नाही. मी आपणहून वाचला. शंभर पॉइंट चार.

"तुझा चा गरम होता," ती म्हणाली.

"कधीपासून दुखतंय?"

"असाच. हळूहळू..." आणि ती मध्येच थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिला ऐकू आलं होतं.

"जरा पालथी पड," मी म्हटलं.

ती हसली, पण नेहमीचं नव्हे. "पायाळूला पालथी पाडायला निघाली मास्तरीण!" मग आवाज उतरला. "बोंबील बांबूंवर टांगलेत. सून एकटी. आन मी तुला सांगते, आलेवाडीत कळला का हिचीच पाठ गेली, तर उद्या कोण पडेल माझ्यासमोर? पाच वर्सांची होते तवापासून मी हेच हाय."

"शांतारामला सांगते मी."

शांताराम तिचा मुलगा. बंदरावर बर्फ पोचवायचा टेम्पो चालवतो.

"सांगितलास तर तुझ्या दारात टोपली उतरवणार नाय. शब्द दे."

आणि मी शब्द दिला. तिने टोपली उचलायला सांगितली, मी उचलून दिली. मांडीवर हात ठेवून ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तोवर मी दारात उभी होते.

आज दिवसभर मी स्वतःला समजावत होते की साठी ओलांडलेल्या बाईची कंबर दुखणारच. संध्याकाळी सुजीतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर मॅडम आजीला तेव्हा काय म्हणाल्या होत्या, आठवतंय? साखर असलेल्या माणसाच्या अंगावर कुठे जखम चिघळली, तर तिथले जंतू रक्तातून त्या स्नायूत जाऊन बसतात. त्यासाठी क्षय असावाच लागतो असं नाही."

"आठवतंय."

"आणि असं गळू झपाट्याने वाढतं म्हणाल्या होत्या. पण लवकर सापडलं तर नळी आणि औषध, काही आठवड्यांत माणूस घरी."

"मी तिला शब्द दिलाय, सुजीत."

"तू दिलास. मी नाही दिला." त्याने फोन उचलला.

मी तो काढून घेतला. हा फोन त्याने केला तर मी शब्द पाळल्याचं समाधान घेऊन बसेन, आणि शब्द तर मोडलेलाच असेल.

आता तो झोपला आहे. विनोद कामावर आहे. मी हे सगळं लिहून काढलं, कारण सुटं सुटं पाहण्याची चूक मी एकदा केली आहे. कागदावर एकापुढे एक मांडलं की शंका फारशी उरत नाही. ताप. वाकून चालणं. सरळ न होणारा पाय. साखर. टाच. आणि ती न सांगता आलेली घडी. माझं चुकतही असेल. चुकलं तर ती दवाखान्यात चहा पिऊन परत येईल आणि माझ्याशी बोलणार नाही. मला फार वाईट वाटेल. चुकलं नसेल आणि मी शुक्रवारची वाट बघत बसले, तर शुक्रवारी ती यायच्या स्थितीत असेल की नाही, कोण जाणे. सुजीतच्या वेळी तिने माझ्या रागाची पर्वा केली नव्हती.

शांताराम पहाटे चारला टेम्पो घेऊन बर्फाच्या कारखान्याकडे निघतो, मग दुपारपर्यंत सापडत नाही. म्हणून उजाडायची वाट बघण्यात अर्थ नाही, फोन आत्ताच करायला हवा. तो दचकून उठेल, उठू दे. त्याला सांगेन की उद्या बर्फ दुसऱ्या कोणाला आणायला सांग. आईला बांबूंपाशी जाऊ देऊ नकोस, तिचे साखरेचे कागद आणि गोळ्यांची पिशवी घे आणि नऊच्या आत पालघरला ये. मी आणि सुजीत रुग्णालयाच्या दारात उभे असू, त्या डॉक्टरीणबाई गुरुवारी असतात. कोणी चोळायला किंवा पाय लावायला आलं तर लावू देऊ नकोस. आणि कोणी सांगितलं असं तिने विचारलं, तर खोटं बोलू नकोस. माझंच नाव घे, स्वातीने सांगितलं म्हण.